घरचा चारा फुकट नाही!



दूधधंद्याचा हिशेब सांगणारे गावोगाव भेटतात. गाय एवढ्याची, दूध इतके लिटर, दर अमुक, नफा तमुक. त्या हिशेबात एक रकाना ठरलेला असतो : ‘घरचा चारा – खर्च शून्य’. आमचे भांडण या शून्याशी आहे.

कडबा काय आभाळातून पडतो? पेरणी, निंदणी, कापणी, पेंढ्या बांधणे, गंज रचणे हे कुणाच्या घामातून होते? तोच कडबा बाजारात नेला तर शेकड्याने मोजून पैसे मिळतात. गव्हाणीत टाकला की किंमत शून्य! हे गणित स्वस्त दूध हवे असणाऱ्यांचे आहे, आपले नव्हे.

आता सरकीकडे पाहा. हिमायतनगर, किनवट, भोकरचा कापूस जिनिंगमध्ये जातो. क्विंटलभर कापसातून रुई निघते सुमारे 34-35 किलो. सरकी 60 किलोंहून जास्त. ती सरकी गाळली की तेल थोडे, आणि ढेप पन्नास किलोंच्या आसपास. म्हणजे क्विंटलभर कापूस विकणारा शेतकरी अर्धा क्विंटल पशुखाद्यही विकत असतो. भावाची चर्चा मात्र धाग्याच्या लांबीवर! तीच ढेप पोत्यात बसून गावात परत येते आणि आपणच ती रोख मोजून घेतो. वायदेबाजारात या ढेपेचे सौदे होतात. तिथल्या दलालाला तिची किंमत रोज ठाऊक असते. पिकवणाऱ्याने तेवढी विचारायची नाही?

सरकारची तऱ्हा वेगळी नाही. कडबा मातीमोल असतो तेव्हा कुणी फिरकत नाही. दुष्काळ पडून त्याला चार पैसे येऊ लागले की चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदीचे हुकूम निघतात. दुधाचा दर पडला तेव्हा 2024 साली लिटरमागे 5 रुपयांचे अनुदान जाहीर झाले, आणि गायीच्या कानातल्या बिल्ल्यापासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळ्याची नोंद मागितली गेली. दूध काढायला काय खर्च आला, याची नोंद मात्र कुणी मागितली नाही.

म्हणून गावात पुढील कामे हाती घ्या.

एक : कडब्याची कुट्टी करा. अख्खी पेंढी टाकली तर जनावर पाला खाते, जाड बुडखे पायाखाली जातात. एकट्याला यंत्र परवडत नसेल तर चौघांत एक घ्या.

दोन : सोयाबीनचे आणि तुरीचे भुसकट बांधावर पेटवू नका. ज्वारीचा पेरा घटला, कडबा आटला. अशा वेळी भुसकट जाळणे म्हणजे दावणीलाच आग लावणे.

तीन : कडब्यात प्रथिने जेमतेम 3-4 टक्के. निकस कडबा सुधारता येतो. 100 किलो कुट्टीवर 4 किलो युरिया 40-50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर देत शिंपडा, दाबा, प्लॅस्टिकने हवाबंद झाका. 21 दिवसांनी उघडा, वास उडू द्या आणि थोड्यापासून सुरुवात करा. प्रमाण वाढवू नका, युरिया जनावराला थेट देऊ नका. जास्त झालेला युरिया गाय मारतो. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा चारा नकोच.

चार : सरकीच्या ढेपेत 20 टक्क्यांच्या वर प्रथिने असतात, पण ती शुद्ध असली तर. दहा-वीस घरांनी मिळून तेलगिरणीतून थेट घ्या आणि नमुना तपासून घ्या. बुरशी आलेले पोते परत करा. बुरशीचे विष दुधात उतरते. लहान वासरांना ही ढेप घालू नका. सरकीतले गॉसिपॉल त्यांना सोसत नाही.

पाच, सगळ्यांत महत्त्वाचे : वही घाला. कडबा, कुट्टी, भुसकट, ढेप सगळे बाजारभावाने लिहा. पहाटे उठून शेण काढणाऱ्या, धार काढणाऱ्या मायबहिणीची मजुरीही लिहा. मग लाल कंधारी असो, देवणी असो की संकरित, कोणती गाय आपल्या चाऱ्याचे पैसे करते आणि कोणती आपल्यालाच खाते, ते कळेल.

दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतात, एसएनएफ मोजतात. पॉइंटभर कमी भरले की दर कापतात. त्यांनी आपले दूध मोजावे, हरकत नाही. आपणही आपला चारा मोजू. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावातून निदान पाच वह्या आल्या पाहिजेत. दराची बोलणी त्या वह्या पुढे ठेवूनच होतील.