करंज तेल आहे, दिवा कुठे आहे?

करंज लागवडीच्या बैठकांत ‘हे तेल दिव्यातही जळते’ असे मी अनेकदा सांगितले. एका शेतकऱ्याने एकदा सरळ विचारले, “साहेब, कोणत्या दिव्यात?” त्या संध्याकाळी घरच्या जुन्या कंदिलात मी करंज तेल भरून पाहिले. काही मिनिटांत ज्योत मंदावली आणि वात जळून काळी पडली. टाकी मात्र भरलेलीच होती.

दोष तेलाचा नव्हे, कंदिलाचा आहे. तो रॉकेलसाठी घडवलेला. रॉकेल पातळ असल्याने वातीतून दहा-बारा सेंटीमीटर सहज चढते. वनस्पती तेल त्याच्या दहापटीहून अधिक दाट. दोन-तीन सेंटीमीटरांपलीकडे ते ज्योतीला पुरेसे पोहोचत नाही. समई आणि पणती उथळ असतात त्या याचसाठी. अर्थात त्यांच्या उजेडात मुलांचा अभ्यास होणे कठीण.

यावर उपाय पूर्वीच निघाला होता. १७८०च्या सुमारास आर्गां या जिनिव्हाच्या संशोधकाने पोकळ गोल वात आणि काचेची चिमणी योजून ज्योतीला आतून-बाहेरून हवा दिली. १८०० साली पॅरिसच्या कार्सेलने घड्याळाच्या यंत्रणेने तेल वर चढवणारा पंप दिव्यात बसवला. हे दिवे मोहरीवर्गीय बियांच्या तेलावर चालत. पुढे स्वस्त रॉकेल आले आणि ही रचना मागे पडली.

आपण रोपे, तेलाचा उतारा आणि बायोडिझेल यांवर पुष्कळ श्रम केले. दिव्यावर जवळजवळ नाहीच. सौरदिवा उजेडाला सरस आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. परंतु झडीच्या दिवसांत पॅनेलवर बॅटरी पुरेशी भारित होत नाही, बॅटरी निकामी झाली तर डोंगरपाड्यावर ती बदलून मिळत नाही, आणि करंज मात्र बांधावरच उभा असतो. कृषी अभियांत्रिकी विभागांनी स्थानिक पत्रेकाराला घडवता येईल असा दिवा तयार करावा. त्याचा उजेड, काजळी आणि ताशी तेलखर्च मोजून आकडे प्रसिद्ध करावेत.

तोवर विस्तार कार्यकर्त्यांनी दिवा हाती असल्याशिवाय ते वाक्य उच्चारू नये. कोणी प्रयोग करणारच असेल, तर तेल निवळून गाळून घ्यावे, सैल पिळाची जाड सुती वात वापरावी आणि तेलाची पातळी ज्योतीलगत ठेवावी. तेल चढत नाही म्हणून त्यात पेट्रोल कदापि मिसळू नये. करंज तेल खाद्य नाही. त्याची बाटली स्वयंपाकघराबाहेर, नाव लिहूनच ठेवावी.