इलेक्ट्रॉनच्या हिशेबातला चौथा वाटा

खामगाव-मलकापूरकडच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईची गाठ बांधताना ज्यांनी पाहिली, त्यांना पट्ट्यांचे महत्त्व सांगायला नको. दाबलेली रुई फुगू पाहते, पट्ट्या तिला आवळून धरतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनच्या हिशेबात भल्याभल्यांकडून ही पट्टीच धरायची राहिली होती.

इलेक्ट्रॉन म्हणजे पृष्ठभागावर विद्युतभार पसरलेली अतिसूक्ष्म गोळी आणि तिचे सगळे वस्तुमान विजेच्या ऊर्जेतूनच आलेले, अशी मॅक्स अब्राहम यांची आशा होती. हिशेब दोन प्रकारे होतो. स्थिर कवचाच्या विद्युतक्षेत्राची ऊर्जा काढून तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा. समजा ३ वाटे वस्तुमान आले. आता गोळी चालती करा आणि क्षेत्राच्या संवेगावरून वस्तुमान काढा. येतात ४ वाटे. वस्तू एक, वजने दोन!

वाट काढली आन्री प्वांकारे यांनी, १९०५-०६ मध्ये. सारखे भार एकमेकांना ढकलतात, मग कवच फुटत कसे नाही? विजेखेरीज दुसरे काहीतरी त्याला आवळून धरत असणार. भारांच्या ढकलण्याला नेमका तोलणारा आतला ताण धरला, तर त्याची ऊर्जा विद्युत ऊर्जेच्या बरोबर एक तृतीयांश निघते. संवेगात तो काहीच भर घालत नाही, ऊर्जेत मात्र राहिलेला १ वाटा आणून देतो. खाते जुळले, पण ‘सगळे विजेचेच’ हे स्वप्न गेले.

या ४/३ कडे बोट दाखवून आइन्स्टाइन चुकले म्हणणारे आजही भेटतात. माझ्या मते ते बिनपट्टीची गाठ तोलतात. आणि बी.एस्सी.च्या वर्गात हा भाग जुनाट म्हणून गाळणे त्याहून वाईट. फाइनमन यांनी आपल्या व्याख्यानांत यासाठी अख्खे प्रकरण खर्च केले, ते उगाच नव्हे. सूत्र पाठ असलेल्या मुलाला ‘ऊर्जा आणखी कुठे साठली आहे?’ हे विचारायची सवय इथे लागते.

तो ताण कशाचा, हे प्वांकारेही सांगू शकले नाहीत. गोळी लहान करत बिंदू केली, तर ऊर्जा अनंत होते. व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये निराळेच मांडले: इलेक्ट्रॉन स्वतःवर बल लावतच नाही. ही वाट पुढे फ्रेड हॉइल यांच्यासोबत आपल्या जयंत नारळीकरांनी विश्वाच्या प्रसरणाशी जोडली. प्रयोगांत इलेक्ट्रॉनला आकार आढळलेला नाही, कवचही आता कुणी मानत नाही. मात्र आजच्या पुंजसिद्धांतातही इलेक्ट्रॉनचे वस्तुमान प्रयोगात मोजून घालावे लागते. ते तेवढेच का, हे गणितातून अजून निघालेले नाही.