वहीत शून्य, पाठीवर दहा

माझ्या धाकट्या मुलाकडे बार्सिलोना क्लबची निळ्या-लाल पट्ट्यांची जर्सी आहे. पाठीवर दहा नंबर आणि मेस्सीचे नाव. आता ती त्याला आखूड होते, पण तो ती कोणाला देऊ देत नाही. परवा दोरीवर वाळत घालताना त्याने विचारले, "पप्पा, ज्याने क्लबला एवढे जिंकून दिले, त्याला त्यांनी जाऊ कसे दिले? ही बेइमानीच ना?"

प्रश्न पोराचा असला तरी थोरामोठ्यांनी विचार करावा असा आहे. म्हणून आज तोच घेतो.

लिओनेल मेस्सी हा अर्जेंटिनातील रोसारिओचा. लहानपणी त्याची उंची वाढेना आणि इंजेक्शनांचा खर्च घरच्यांना परवडेना. स्पेनमधल्या बार्सिलोना क्लबने उपचाराचा भार उचलला. १४ डिसेंबर २००० रोजी क्लबच्या अधिकाऱ्याने त्याला घेण्याचे वचन चक्क कागदी रुमालावर लिहून दिले. मेस्सी तेव्हा तेरा वर्षांचा होता. पुढे या क्लबसाठी तो ७७८ सामने खेळला आणि त्याने ६७२ गोल केले. तो कागदी रुमाल २०२४ मध्ये लिलावात ७,६२,४०० पौंडांना विकला गेला!

पण मधल्या दोन वर्षांत काय घडले ते पाहा. २०२० मध्ये मेस्सीला क्लब सोडायचा होता. क्लबने कराराचे कलम पुढे केले : ७० कोटी युरो भरल्याशिवाय सुटका नाही. क्लबला कोर्टात खेचायचे नाही म्हणून तो राहिला. २०२१ मध्ये त्याला राहायचे होते आणि निम्म्या पगारावर राहायची त्याची तयारी होती. तेव्हा क्लबने जमाखर्च पुढे केला. कर्ज सुमारे १३५ कोटी युरोंचे. मेस्सी राहिला तर पगारावरचा खर्च उत्पन्नाच्या ११० टक्के होतो, असे अध्यक्षांनी सांगितले. स्पॅनिश लीगच्या नियमात ते बसत नव्हते. ८ ऑगस्ट २०२१ रोजी चौतिसाव्या वर्षी मेस्सीने पत्रकारांपुढे डोळे पुसत निरोप घेतला. पुढच्याच वर्षी त्याने अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला, ही गोष्ट वेगळी.

मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. मी मुलाला वहीची गोष्ट सांगितली. क्लबने दुसरीकडून शंभर कोटींना पाच वर्षांच्या करारावर खेळाडू आणला, तर तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवतात आणि दरवर्षी वीस कोटी खर्ची टाकतात, जसा आपण यंत्रावर घसारा लावतो तसा. पण जो मुलगा लहानपणापासून आपल्याच क्लबमध्ये वाढला, त्याच्यासाठी खरेदीची किंमत मोजलेलीच नसते. म्हणून मालमत्तेच्या बाजूला त्याच्या नावापुढे शून्य. त्याचा पगार मात्र खर्चाच्या बाजूला पुरा दिसतो. वाचकहो, घरच्या माणसाची किंमत वहीत दिसत नाही, हे काय फक्त फुटबॉलमध्येच होते?

मग खेळाडूने प्रेमावर विसंबावे काय? ब्राझीलच्या गारिंचाचे उदाहरण घ्या. १९५८ आणि १९६२ अशा दोन विश्वचषक विजयांचा हा मानकरी. बोताफोगो क्लबकडे तो १९५३ पासून बारा वर्षे होता. हा भोळा माणूस कोऱ्या करारावर सही करून देई, आकडा क्लबवाले मागाहून भरीत, असे सांगतात. पुढे गुडघे गेले, मैदान सुटले, दारूने घेरले. १९८३ मध्ये हलाखीत त्याचा अंत झाला, वय अवघे ४९. अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली होती. त्या गर्दीचा त्याला काय उपयोग?

याच्या उलट बेल्जियमचा झाँ-मार्क बोस्मन. खेळाडू म्हणून तो फार मोठा नव्हता. १९९० मध्ये त्याचा करार संपला. क्लबने पगार कापून देऊ केला आणि दुसऱ्या क्लबकडे जाण्याची वाटही अडवली. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : करार संपला की खेळाडू मोकळा, युरोपीय संघात दुसऱ्या क्लबकडे जाताना त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. बोस्मनचे खेळण्याचे दिवस त्या लढ्यात सरले, पण हजारो खेळाडूंच्या पायातली बेडी तुटली. मेस्सी पॅरिसला गेला तोही क्लबला एक युरो न मिळता.

म्हणून पोराला म्हटले, बाळ, पायात जोर आहे तेव्हाच कागद नीट करून घ्यावा. पाय थकल्यावर कोणी नवी अट मान्य करीत नाही. गिरणीतला जॉबर असो की दहा नंबरचा खेळाडू, हा नियम सर्वांना सारखाच.

तरी एक गोष्ट कागदावर येत नाही, ती म्हणजे मान. रोमचा फ्रान्चेस्को टोटी सोळाव्या वर्षापासून चाळिसाव्या वर्षापर्यंत रोमा या एकाच क्लबकडून खेळला. सामने ७८६, गोल ३०७. २८ मे २०१७ रोजी त्याच्या शेवटच्या सामन्याला भरलेले मैदान रडले. क्लबने त्याला संचालकाची खुर्ची दिली. पण खेळाच्या निर्णयांत आपल्याला विचारीत नाहीत, असे सांगून जून २०१९ मध्ये तो बाहेर पडला. आपल्या कचेऱ्यांतून शाल-श्रीफळ देतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाच्या अनुभवाला कोणी विचारीत नाही, तसेच हे.

क्लबने म्हाताऱ्या खेळाडूला जन्मभर मैदानात उतरवावे, असे कोणी म्हणत नाही. नव्या पोरांनाही जागा हवी. पण वेळ संपत आली हे त्याला आधी आणि तोंडावर सांगावे, ठरलेले पैसे द्यावेत, लोकांसमोर निरोप द्यावा, आणि पुढे काम दिलेच तर ते खरे काम असावे. इमान म्हणजे एवढेच. एवढे करायला फार पैसा लागत नाही.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग जर्सीची घडी करून म्हणाला, "म्हणजे ती ठेवायची ना?"

मी म्हटले, "ठेव. क्लबच्या वहीत शून्य असेल, आपल्या घरी तरी दहा राहू दे."