विश्लेषण : पोकरच्या टेबलावर मार्शल आर्ट्सची शिस्त किती कामाची?

ज्युडो, कराटे किंवा ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकणाऱ्याची शिस्त अंगी बाणवली तर पोकर सुधारतो, असे या खेळातले अनेक जण सांगतात. हा दावा पोकळ नाही. कॅनडाचे व्यावसायिक पोकरपटू टेरेन्स चॅन तर पुढे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या रिंगणातही उतरले. पण या सल्ल्यातला सोयीचा भाग तेवढा उचलला जातो आणि गैरसोयीचा बाजूला पडतो. तो गैरसोयीचा भागच जास्त महत्त्वाचा आहे. कसा, ते पाहू.

आधी पडायला का शिकवतात?

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली. ज्युडोत नवा विद्यार्थी आला की त्याला आधी पडायला शिकवतात. या तंत्राला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीशी, हात चटईवर सपाट आणि डोके सुरक्षित. कारण सरळ आहे. पडणे कुणालाच चुकत नाही, त्यामुळे दुखापत न होता पडता आले पाहिजे.

पोकरमध्ये पडणे किती अटळ आहे, हे गणितच सांगते. टेक्सास होल्डेम प्रकारात एक्क्यांची जोडी ही सुरुवातीची सर्वांत भारी पाने. समोरच्याकडे राजांची जोडी असेल आणि दोघांनी सगळे पैसे लावले, तर एक्केवाला साधारण 82 टक्के वेळा जिंकतो. म्हणजे शंभरात 18 वेळा काहीही चूक नसताना हरतो. अशी वेळ दहादा आली तर दहाही वेळा जिंकण्याची शक्यता जेमतेम 14 टक्के. एकदा तरी हार होणार, हे जवळपास ठरलेले.

पोकरमधली ‘उकेमी’ म्हणजे पैशांचे नियोजन. घरभाडे, ईएमआय, फी यांना हात न लावता वेगळी काढलेली रक्कम आणि तिचा छोटासाच भाग एका वेळी टेबलावर. ही तयारी नसेल तर बाकीचे डावपेच शिकून उपयोग नाही.

‘टॅप’ आणि ‘फोल्ड’ यांत साम्य काय?

जिउ-जित्सूत मानेला किंवा हाताला पक्की पकड बसली की खेळाडू समोरच्याच्या अंगावर थाप मारतो. याला ‘टॅप’ म्हणतात. सरावात हे रोज, अनेकदा घडते आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. अहंकारापायी टॅप न करणाऱ्याचा हात मोडतो.

पोकरमध्ये हेच काम ‘फोल्ड’ करते. नऊ जणांच्या टेबलावर सावध खेळाडू दहापैकी सात-आठ वेळा पाने बघून लगेच सोडून देतो. नवख्याला मात्र प्रत्येक हात खेळायचा असतो. ‘इतके पैसे टाकलेच आहेत, आता मागे कसे यायचे’ हा विचार त्याला बुडवतो. कानो यांनी कमीत कमी शक्तीत जास्तीत जास्त परिणाम हे तत्त्व ज्युडोच्या केंद्रस्थानी ठेवले. पोकरमध्ये शक्तीच्या जागी चिप्स असतात, एवढाच फरक.

राग आला की काय होते?

हरल्यावर चिडून वेडेवाकडे खेळण्याला पोकरमध्ये ‘टिल्ट’ म्हणतात. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. यंत्र जोरात हलवले की ते ‘टिल्ट’ दाखवून बंद पडते. माणूस बंद पडत नाही, तो आणखी पैसे लावतो.

इथे शिस्तीचा उपयोग खरा आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासक आणि लेखिका मारिया कोनिकोव्हा पोकरकडे वळल्या तेव्हा त्यांना खेळाची प्राथमिक माहितीही नव्हती. अनुभवी खेळाडू एरिक सायडेल यांच्याकडे त्या शिकल्या आणि 2018 मध्ये बहामातील एका स्पर्धेत पहिल्या येऊन त्यांनी 84,600 डॉलर जिंकले. सायडेल यांचा एक दंडक होता. नशिबाने कसे फसवले, या कहाण्या सांगायच्या नाहीत. निर्णय काय घेतला आणि का घेतला, एवढेच बोलायचे. कोनिकोव्हा यांनी 2020 च्या पुस्तकात हा प्रवास मांडला आहे. आखाड्यातला वस्तादही हेच करतो. पठ्ठ्या हरला तर नशिबाची चर्चा होत नाही, पाय कुठे चुकला ते बघितले जाते.

मग तुलना तुटते कुठे?

कुस्तीत पाठ मातीला लागली की विषय संपला. चूक लगेच कळते, अंगाला कळते. पोकरमध्ये चुकीच्या निर्णयाला बक्षीस मिळू शकते आणि बरोबर निर्णयाला फटका. मूर्खासारखे पैसे लावून जिंकलेला खेळाडू स्वतःला हुशार समजू लागतो. त्यामुळे तालमीत चार महिन्यांत समजणारी गोष्ट पोकरमध्ये हजारो हात खेळूनही नीट समजत नाही. नुसता सराव इथे पुरत नाही. प्रत्येक मोठा हात लिहून ठेवणे, नंतर थंड डोक्याने तपासणे आणि निकाल बाजूला ठेवून निर्णय तपासणे हाच इथला ‘काता’. हे कंटाळवाणे असते, म्हणून बहुतेक जण करत नाहीत.

दुसरा फरक पैशांचा. तालमीत दहा जण घाम गाळतात तेव्हा दहाही जण आधीपेक्षा तयार होतात. पोकरच्या टेबलावर नवा पैसा तयार होत नाही. एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, वर टेबल चालवणारा आपला हिस्सा, म्हणजे ‘रेक’, कापून घेतो. नऊही जण कितीही शिस्तीचे झाले तरी सगळे मिळून तोट्यातच राहतात. ‘मानसिकता बदला आणि कमवा’ असे सांगणारे हे गणित सांगत नाहीत.

भारतात कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगबाबत कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. त्यामुळे पैशांचा ऑनलाइन पोकरही त्यात येतो. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण बंदीला बगल देणाऱ्या परदेशी अॅपवर पैसे अडकले तर दाद मागणे अवघड. गोव्यातल्या परवानाधारक कॅसिनोंचा विषय वेगळा. तिथेही ‘रेक’चे गणित बदलत नाही.

मग घ्यायचे काय?

पोकरमधून संभाव्यता, संयम आणि निर्णयक्षमता शिकता येते, हे खरे. पण त्यासाठी पैसे लावण्याची गरज नाही. मित्रांत बिनपैशांच्या चिप्सवरही हे सगळे शिकता येते. तसे खेळण्यात मजाच नाही असे वाटत असेल, तर ओढ खेळाची आहे की पैशांची, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

ज्युडोत पंच ‘माते’ म्हणतो आणि दोन्ही खेळाडू जागच्या जागी थांबतात. पोकरच्या टेबलावर असा पंच नसतो आणि रात्री दोन वाजता मोबाइलच्या स्क्रीनवर तर नक्कीच नसतो. किती हरल्यावर आणि किती वाजता उठायचे, हे बसण्याआधी ठरवून ते पाळणारा खेळाडूच मार्शल आर्ट्समधून काही शिकला, असे म्हणता येईल. बाकीच्यांनी नुसते शब्द उचलले आहेत.