प्रकार कमी, ठोकळे भरपूर

जून जवळ आला की बालवाड्यांत खेळण्यांची खरेदी सुरू होते. दोन कोडी, एक बोलणारी बाहुली, सेलवर धावणारी गाडी, बारा ठोकळ्यांचा डबा. पैसे बेताचे, म्हणून प्रत्येकातलं एकेक. आमचं सांगणं उलट आहे: प्रकार कमी करा आणि एकाच प्रकारची वस्तू भरपूर घ्या.

बटण दाबल्यावर गाणारी बाहुली लवकरच कपाटात जाते, कारण खेळते ती. मूल नुसतं बघतं. ठोकळा आपण होऊन काहीच करत नाही, म्हणून सगळं मुलालाच करावं लागतं. किंडरगार्टनचे जनक फ्रोबेल यांच्या खेळसाहित्यातला तिसरा संच, म्हणजे तिसरी ‘भेट’, म्हणजे आठ छोट्या घनांचा मिळून झालेला एक घन, एवढंच. पुढं न्यूयॉर्कमध्ये शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी ठोकळे घडवले ते मापात: दोन अर्ध्यांचा एक पूर्ण, दोन पूर्णांचा एक दुप्पट. रस्ता करताना लांब ठोकळे संपले की मूल दोन आखूड जोडून बघतं. अपूर्णांकाशी त्याची ओळख पाटीच्या कितीतरी आधी इथं होते. मापं चुकलेल्या स्वस्त ठोकळ्यांत हे घडत नाही. मनोरा कलतो, मूल उठून जातं. तेव्हा दुकानातच चार ठोकळे शेजारी ठेवून पाहा.

आणि संख्या! पंचवीस मुलांत बारा ठोकळे म्हणजे रोजचं भांडण, मग ताईंचा सगळा वेळ ते सोडवण्यात जातो. चार-पाच मुलांच्या गटाला शंभर तरी ठोकळे हवेत. बाकीचे गट पाळीनं येतील.

इतके लाकडी ठोकळे परवडत नाहीत, हे खरं. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, खडे, पानं यांवरच बालवाड्यांचं काम उभं केलं. सुताराकडचे उरलेले तुकडे पॉलिश पेपरनं घासून घ्या, करवंट्या जमवा. चिंचोके चालतील, मात्र तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती नकोत, घशात अडकतात. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी कोणत्याच वर्गात आणू नका, त्या विषारी असतात.

साहित्याइतकाच वेळही लागतो. वीस मिनिटांत ‘आवरा’ म्हटलं तर भिंतीच्या वर काही चढत नाही. एक कोपरा असा ठेवा, जिथली अर्धी रचना दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहील. सतरंजी हवी तर दुसरीकडे अंथरा.