जळमट काढा, जाळं नको



पर्युषण जवळ आलं की घरोघरी झाडलोट सुरू होते. पूर्वी गिरगाव-लालबागच्या चाळीत लांब बांबूला कुंचा बांधून हे काम व्हायचं. आता एक फोन केला की पेस्ट कंट्रोलवाला येतो आणि माळ्यापासून मोरीपर्यंत औषध मारून जातो. माझा याला विरोध आहे.

जळमट म्हणजे कोळी सोडून गेलेलं, धूळ धरलेलं. जाळं म्हणजे ज्यात जीव राहतो ते. मी बी.कॉम. झालेली, म्हणून म्हणते, एक बुडीत खातं, दुसरं चालू. जळमट खुशाल काढा.

मोरीच्या कोपऱ्यात लांब, बारीक पायांचा कोळी असतो, धक्का लागला की जाळ्यासकट थरथरणारा. नीट पाहा. मादी अंड्यांची गोळी तोंडात धरून उलटी लटकलेली असते, पिल्लं बाहेर येईपर्यंत. आपल्या शास्त्रात कोळी चतुरिंद्रिय. कुंच्याच्या एका फटक्यात किती जीव गेले, मोजा.

काही जणी म्हणतात, कोळी डास खातो म्हणून ठेवावा. खातो हे खरं. पण उपयोग पाहून वाचवलं तर तो व्यवहार झाला, अहिंसा नव्हे. उद्या निरुपयोगी जिवाचं काय?

दुसऱ्या म्हणतात, संसारात आरंभी हिंसा टळत नाही. मान्य. चूल, पाणी, केर यांत ती होतेच. पण जीव समोर दिसत असताना विष मारणं संकल्पी हिंसेच्या फार जवळ जातं. आधी फवारणी करून संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ कोणाला म्हणायचं?

ठाण्यात सापडलेल्या, उड्या मारणाऱ्या एका कोळ्याच्या जातीला २०२१ साली ‘आयसियस तुकारामी’ नाव मिळालं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबला धरून ठेवताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं हे नाव. संशोधकांना एवढ्याशा जिवाला इतकं मोठं नाव द्यावंसं वाटलं. आपण निदान त्याला बाहेर जायची वाट द्यावी.

कोळ्यावर पेला उपडा ठेवा, खालून पोस्टकार्ड सरकवा आणि जिन्याखाली सोडा. अंडी धरलेली असेल तर काही आठवडे तो कोपरा सोडून झाडा. रात्री नको ते दिवे मालवा, खिडक्यांना जाळी लावा. किडे आले नाहीत तर कोळीही येत नाही. दर आठवड्याला हलक्या हाताने केर काढणं हीच खरी यतना. तिला औषधाची गरज नाही.