मँगनीज आमचं, कमाई कोणाची?

आज रोवणीला खंड. बांधीत उभा राहून मँगनीजचे ट्रक जाताना पाहिले. आपल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला ड्राय सेलसाठी लागणारं मँगनीज डायऑक्साइड बनतं. म्हणजे इथं जमतं की! मग गाड्यांच्या लिथियम बॅटरीत जाणारं मँगनीज सल्फेट इथं का नाही? धान विकणारा तिथंच राहतो, राईसमिलवाला मोठा होतो, हे आपल्याला कोणी शिकवू नये. इंडोनेशियानं २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद केली, कारखाने तिथं गेले. पण नद्याही गढूळ झाल्या, हेही ध्यानात ठेवा. म्हणून मागणी एकदमच करा: कारखाना इथं, काम आयटीआय झालेल्या गावच्या पोरांना, अन् बांधीत सांडपाण्याचा थेंब नको. ग्रामसभेत बोला भाऊ, नुसते ट्रक मोजून पोट भरत नाही.